परीक्षक टिपणीसांचे साडेचार

श्यामकांत टिपणीस हे नाव मुलुंडमध्ये ज्याला ठाऊक नसेल, त्याने एक तर आयुष्यात कुठल्या स्पर्धेत भाग घेतलेला नाही, किंवा घेतला असेल तर ते नाव तो मुद्दाम विसरला आहे. गेली तीस-पस्तीस वर्षं मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत जिथे म्हणून सतरंजी अंथरून स्पर्धा भरली, तिथे परीक्षकांच्या टेबलामागे टिपणीस बसलेले असायचे. रांगोळी, कंदील, पाककृती, पाठांतर, वेशभूषा; इतकंच काय, एका महिला मंडळाने उखाण्यांची स्पर्धा ठेवली तेव्हा त्या सगळ्या बायकांत एकटा पुरुष म्हणून हेच. कुणी म्हणेल, रांगोळीतलं यांना काय कळतं? काही कळत नव्हतं. पण ते कुणाच्या भिडेला बळी पडत नसत, आणि आपल्याकडे परीक्षकाच्या अंगी तेवढा एक गुण असला तरी पुरतं.

पोटापाण्याला ते एका विमा कंपनीत होते, क्लेमच्या टेबलावर. समोरचा माणूस रडत असला तरी आधी कागद बघायचे, ही सवय तिथलीच. निवृत्त झाले, सवय मात्र निवृत्त झाली नाही.

मार्क देताना टिपणीसांचा हात इतका आखडता, की त्यांच्याकडून दहापैकी साडेचार मिळाले तर माणूस पेढे वाटायचा. यामागे त्यांचं म्हणून एक शास्त्र होतं. पहिल्या स्पर्धकाला कधीही भरभरून द्यायचं नाही; पुढे त्याहून सरस कुणी आलं तर त्याला द्यायला काही उरायला नको? तसं सगळेच परीक्षक हे करतात. पण चार-पाच जण होऊन गेले की त्यांचा हात सैल होतो. टिपणीसांचा शेवटच्या स्पर्धकापर्यंत होत नसे. स्पर्धा संपली, बक्षिसं वाटली, सतरंजी गुंडाळली, तरी त्यांच्या मनात आणखी कुणीतरी यायचा बाकीच असायचा, आणि त्याच्यासाठी राखलेले मार्क ते तसेच घरी घेऊन यायचे. शून्याच्या बाबतीत मात्र माणूस दिलदार. शून्य देताना ते विचारात पडलेले कुणी पाहिले नाहीत.

त्यांचा दुसरा नियम चेहऱ्याचा. परीक्षकाचा चेहरा कोरा हवा. समोर पोरगं कविता विसरून रडायला लागो, नाहीतर कुणाचा मोदक दाताखाली दगडासारखा वाजो, टिपणीसांच्या तोंडावरची माशी हलायची नाही. या दोन नियमांवर त्यांनी आपली उभी हयात काढली, आणि त्यांच्या बायकोनेही. तिचं नाव क्षमा. नाव ठेवणाऱ्यांनी पुढचं ओळखूनच ते ठेवलं असावं, असं सोसायटीतल्या बायका म्हणत.

क्षमाताई रोजच स्पर्धेत होत्या. आमटी चार, भरली वांगी साडेचार, चहा कायम चार. एकदा होळीला केलेल्या पुरणपोळीला सहा मिळाले होते आणि तो घरातला विक्रम आजतागायत कुणी मोडलेला नव्हता. त्यांचं एक वर्मी लागलेलं दुःख मात्र गार्गीचं. ही त्यांची एकुलती एक लेक दुसरीत असताना पाठांतराला उभी राहिली, आणि परीक्षक कोण, तर तीर्थरूप. क्षमाताईंनी सकाळी डबा भरताना सहज म्हटलं, पोर खूप मन लावून बसलीय, जरा बघा हं. पोर एक अक्षर चुकली नाही. तरी साडेतीन. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाले, मी चारच देणार होतो. तू शब्द टाकलास म्हणून अर्धा कापला, वशिल्याचा. क्षमाताई आठ दिवस बोलल्या नाहीत. यांनी त्या अबोल्याला किती मार्क दिले ते कळलं नाही, कारण विचारायला कुणी बोलतच नव्हतं.

अशा माणसाला चार वर्षांपूर्वी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. औषधांनी तो बराच काळ मुकाट बसून होता. या वर्षी मात्र तो हाडांत उतरला आणि पाठीच्या मणक्याला लागला. टिपणीसांनी स्वतः होऊन काही सांगितलं नाही. क्षमाताईंना कळलं ते वेगळ्याच तऱ्हेने. ते वर्तमानपत्र उभ्याने वाचायला लागले. मग जेवणही उभ्याने. आणि एका वेशभूषा स्पर्धेत, भाजीवाली झालेली मुलगी टोपली घेऊन समोर असताना, ते मध्येच खुर्चीवरून उठले. पस्तीस वर्षांत जे झालं नव्हतं ते झालं म्हणताच क्षमाताईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलुंडच्याच एका हॉस्पिटलात नेऊन भरती केलं.

तिथे त्यांच्याकडे डॉक्टर जान्हवी आल्या. या बाईंचं काम रोग बरा करायचं नव्हतं. त्याला दुसरे डॉक्टर होते. या नुसतं दुखणं बघायच्या. दुखण्यासाठी असा वेगळा डॉक्टर असतो हे क्षमाताईंना साठी उलटल्यावर कळलं. जान्हवीबाईंनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहिल्या, दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता घड्याळ बघून घ्यायच्या.

मॉर्फिन म्हटल्यावर सोसायटीत खळबळ उडाली. सेक्रेटरी सुबोध नारळपाणी घेऊन भेटायला आले आणि शहाळं फोडायच्या आधी त्यांनी बॉम्ब फोडला. म्हणाले, वहिनी, ही अफू हो, एकदा सवय लागली की माणूस गेला. सुबोध तसे सज्जन. पण ज्या विषयातलं काडीचं कळत नाही त्यावर त्यांचा आवाज सगळ्यात खणखणीत लागतो. क्षमाताईंनी घाबरत घाबरत डॉक्टरांना विचारलं. जान्हवीबाई म्हणाल्या, दुखण्यासाठी, आमच्या देखरेखीखाली, सांगितलेल्या मापात घेतलं तर सहसा व्यसन लागत नाही. पण पोट मात्र हटकून अडतं, ते मी लिहून देते. म्हणून मॉर्फिनच्या जोडीला पोट साफ करायचं औषधही आलं. टिपणीसांनी आयुष्यात प्रथमच दोन स्पर्धक एकदम तपासायला घेतले.

आता इथे हॉस्पिटलची एक चूक झाली. चूक म्हणजे काय, सगळीकडे करतात तेच त्यांनी केलं, पण आपण कुणाला विचारतोय याची आधी चौकशी करायला हवी होती. प्रत्येक गोळीच्या वेळी राधा सिस्टर यायच्या आणि विचारायच्या, काका, दुखणं दहापैकी किती? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याच्यावर आणखी दुखूच शकत नाही. आकडा पाचच्या वर गेला तर सांगा, मधल्या वेळची जादा गोळी द्यायची आहे.

टिपणीसांनी चष्मा चढवला. त्यांनी विचारलं, निकष काय? राधा सिस्टर कुडाळच्या. त्यांनी निकषाला भीक घातली नाही. म्हणाल्या, "निकषबिकष काय नाय ओ काका, किती दुखता ता सांगा." टिपणीसांनी डोळे मिटले. समोरचं दुखणं त्यांनी सगळीकडून नीट तपासलं. मग डोळे उघडून म्हणाले, साडेतीन. सिस्टर म्हणाल्या, अर्धा लिहायला इथे जागा नाही, तीन लिहू की चार? टिपणीस म्हणाले, तीनच लिहा, संशयाचा फायदा आपण कुणाला देत नाही.

ते तीन लागले आणि लागूनच राहिले. कधी साडेतीन, एकदा फारच झालं तेव्हा चार. जादा गोळीसाठी पाचाचं दार ओलांडायला हवं होतं, आणि पाचाच्या वर या माणसाने जन्मात एकदाच पाऊल टाकलं होतं, तेही पुरणपोळीसाठी. राधा सिस्टर खूश होत्या. तीन म्हणजे चांगलंच की. शेजारच्या खाटेवरचे आजोबा अंगठा दुखला तरी नऊ सांगून वॉर्ड डोक्यावर घ्यायचे. त्यामानाने टिपणीसकाका म्हणजे साधा, गुणी माणूस.

क्षमाताईंना मात्र खाटेलगतच्या बाकावरून दुसरंच दिसत होतं. कूस बदलायच्या आधी हा माणूस तयारी करायचा, खाटेची दांडी धरायचा, आणि मग न वळताच दांडी सोडून द्यायचा. चादरीचा कोपरा त्यांच्या मुठीत असायचा आणि सकाळी तो चुरगळून बोळा झालेला असायचा. झोप नाही. घास दोनच. त्या विचारायच्या, अहो, फार दुखतंय का? उत्तर यायचं, "तीन." आणि सकाळी डॉक्टर आल्या रे आल्या की हा गृहस्थ गळ्यापर्यंत गुंड्या लावून, कोरा चेहरा करून ताठ. नेमका त्याच घडीला चेहऱ्याचा नियम पाळायचा.

जान्हवीबाई आकड्यांवरून नजर फिरवायच्या, त्यांच्याकडे बघायच्या, पुन्हा आकड्यांकडे बघायच्या. मग एक दिवस म्हणाल्या, तीन-चारवर आहे म्हणजे डोस बसलाय, परवा घरी सोडू, हाच डोस पुढे चालू ठेवायचा.

क्षमाताईंनी मनाशी हिशेब केला. हाच डोस. म्हणजे हीच मूठ, हीच चादर, फक्त घरची. हॉस्पिटलात निदान डॉक्टर दाराबाहेर होत्या. घरी हा माणूस न्हाणीघराचं दार लावून घेईल आणि आतून तीन म्हणून सांगेल. त्यांना त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला, की त्या उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या, आणि तिथे गेल्यावर राग कुठल्या कुठे जाऊन नुसतंच रडू आलं.

संध्याकाळी अंधेरीच्या ऑफिसातून गार्गी आली. आईने तिला व्हरांड्यातच गाठलं. गार्गीला समजावून सांगावं लागलं नाही. ती साडेतीन मार्कांची जुनी जखमी होती.

"आई, बाबांचं तीन म्हणजे काय ते तुला-मला कळतं. डॉक्टरांना कुठून कळणार? तू जाऊन सांग ना."

"तू सांग की. तू शिकलेली."

"मी सांगितलं तर माझे उरलेले साडेतीनपण जातील."

हसून झालं, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. यांच्या पाठीमागे जाऊन यांचे मार्क वाढवून आणायचे, म्हणजे चक्क वशिला. ज्या माणसाने स्वतःच्या पोरीसाठी टाकलेला शब्द खपवून घेतला नाही, त्याच्याच दुखण्यासाठी शब्द टाकायचा. आणि त्याला कळलं तर? या दिवसांत अबोला परवडणारा नव्हता. आधी तो आठ दिवसांनी संपला, तेव्हा आठ दिवसांची काय किंमत होती. आता एकेक दिवस मोजून मिळाल्यासारखा होता. क्षमाताईंनी रात्रभर विचार केला. पहाटे खाटेवरून दांडी धरल्याचा आवाज आला, सोडल्याचा आवाज आला, आणि त्यांचा विचार संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जान्हवीबाईंच्या केबिनमध्ये गेल्या आणि ताकाला जाऊन भांडं लपवत बसल्या. आधी पोट साफ होत नाही ते सांगितलं. मग हॉस्पिटलची खिचडी बरी असते ते सांगितलं. मग खिडकीतून डोंगर छान दिसतो म्हणाल्या. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण जान्हवीबाईंनी घाई केली नाही. पोट आणि खिचडी संपली की माणूस मुद्द्यावर येतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असावं.

"डॉक्टर," क्षमाताई शेवटी म्हणाल्या, "माझी पुरणपोळी सहा आहे."

जान्हवीबाईंना काही कळलं नाही.

"दहापैकी. चाळीस वर्षांतली सगळ्यात चांगली. आणि गेल्या दिवाळीत ज्या कंदिलाला यांनी पहिला नंबर दिला, त्याला साडेचार. हे पाचाच्या वर जाणारच नाहीत हो. तुम्ही पाच म्हणालात ना जादा गोळीला, ते आमच्या घरात येतच नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. परीक्षकगिरी, कोरा चेहरा, चादरीचा बोळा. डॉक्टर ऐकता ऐकता हसल्या, आणि मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, मला शंका होतीच. झोप नाही, जेवण नाही, हालचाल नाही, हे सगळं आठ-नऊ सांगतंय आणि तोंडाने माणूस तीन सांगतोय. मला वाटलं, मॉर्फिनला घाबरून कमी सांगत असतील, बरेच जण सांगतात. काल डिस्चार्जचं बोलले तेव्हापासून मलाच चैन नव्हतं. बरं झालं तुम्ही आलात. क्षमाताईंनी फक्त एक विनंती केली. मी आले होते हे त्यांना सांगू नका. डॉक्टरांनी कबूल केलं.

दुपारी जान्हवीबाई वॉर्डात आल्या त्या एकट्या, आणि खाटेजवळ उभ्या न राहता स्टूल ओढून बसल्या. टिपणीस ताठ झाले. वरची गुंडी लावायला हात गेला.

"टिपणीसकाका, आज मार्क नका देऊ. नुसता क्रमांक सांगा. आजपर्यंत तुमच्या अंगाला जी जी दुखणी झाली, ती सगळी एका स्पर्धेत उतरली आहेत असं धरा. कालची रात्र कितवी आली?"

टिपणीसांचा हात गुंडीवरच राहिला. हा प्रश्न कुणी असा विचारेल याची त्यांना कल्पना नव्हती, आणि क्रमांकाबाबत खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं. मार्क हा मताचा भाग झाला. क्रमांक म्हणजे निकाल. त्यांनी चष्मा काढला. तरुणपणी मोडलेला हात आला, मूतखडा आला, दाढ आली. एकेकाला त्यांनी पुढे बोलावलं आणि बसवलं. बाकावर क्षमाताई विणकाम घेऊन बसल्या होत्या आणि घटकाभर एकही टाका पडला नव्हता.

"पहिली," ते म्हणाले.

"आणि मार्क?"

"साडेतीन."

"जी पहिली आली तिला साडेतीन? तुमच्या कंदिलालासुद्धा साडेचार होते."

टिपणीसांनी मान फिरवून बाकाकडे पाहिलं. क्षमाताईंनी लगबगीने दोन टाके घातले, दोन्ही चुकीचे. टिपणीसांनी ते टाके पाहून घेतले. ते डॉक्टरांकडे वळले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा तो कोरा चेहरा कोरा राहिला नाही.

"सगळे दिले, आणि उद्या याहून मोठं आलं, तर त्याला काय देऊ?"

वॉर्डात बाकीचे आवाज चालू होते. राधा सिस्टर कुणाला तरी पाणी देत होत्या. क्षमाताईंच्या हातातल्या सुया खाली आल्या. चाळीस वर्षं ज्याला त्या कंजूषपणा म्हणत आल्या होत्या, त्याच्या तळाशी हे होतं. हा माणूस घाबरलेला होता. पुढे येणाऱ्यासाठी जागा राखून ठेवत रात्र रात्र दांडी धरून पडून होता, आणि क्षमाताई बाकावर बसून चादरीचे बोळे मोजत होत्या. त्यांना वाटलं उठून त्याचं डोकं छातीशी धरावं, पण भर वॉर्डात टिपणीसांना ते चाललं नसतं, म्हणून त्या नुसत्या सरकून बाकाच्या कडेला आल्या.

जान्हवीबाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "काका, तुमचे मार्क दहाला संपतात. माझं औषध संपत नाही. याला ठरलेली वरची रेघ नाही. तुमच्याकडे बघत बघत, पायरी पायरीने वाढवता येतं, आणि याने नाही भागलं तर माझ्याकडे दुसरे उपाय आहेत. उद्या मोठं आलं तर उद्याचं उद्या बघू. पुढच्यासाठी राखून ठेवायचं काम तुमचं नाही, माझं आहे."

टिपणीसांनी ते ऐकून घेतलं, उलटसुलट तपासलं, आणि त्यात खोट सापडली नाही तेव्हा चष्मा पुन्हा चढवला. म्हणाले, "मग आठ लिहा."

राधा सिस्टरच्या हातातला पेला पडता पडता राहिला.

मग धावपळ झाली. कुलपातल्या कपाटाची किल्ली आली, दोन सिस्टरनी मिळून गोळी काढली, जादा डोस लगेच दिला आणि नेहमीचा डोस डॉक्टरांनी वाढवून लिहिला. झोप फार गाढ लागली किंवा श्वास मंद वाटला तर उठवून बघायचं, असं राधा सिस्टरना बजावलं. डिस्चार्ज पुढे गेला. तासाभराने टिपणीसांनी दांडी धरली, आणि क्षमाताई श्वास रोखून बघत असताना हळूच कुशीवर वळले. वळल्यावर त्यांनाच इतकं नवल वाटलं, की ते पुन्हा पाठीवर आले आणि खात्री करायला आणखी एकदा वळले. मग झोपले. सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन त्यांचा श्वास बघून जायच्या आणि जाताना क्षमाताईंना मान हलवून सांगायच्या, झकास आहे.

पुढचे दोन दिवस डोस थोडाफार इकडे-तिकडे करण्यात गेले. तिसऱ्या सकाळी राधा सिस्टरनी भीत भीतच विचारलं, काका, आज किती? टिपणीस म्हणाले, "पडून असताना शून्य. कुशीवर वळताना दोन. बसून चहा प्यायल्यावर सांगतो, ती वेगळी फेरी आहे." शून्याबाबत ते दिलदार होते हे वर सांगितलंच आहे. सिस्टर जाता जाता म्हणाल्या, "तुमका बरा वाटला ना काका, माका माझे धाचे धा गावले." सिस्टरनी स्वतःलाच दिलेल्या त्या दहापैकी दहावर टिपणीसांनी हरकत घेतली नाही.

मग नवरा-बायको दोघंच उरली. शेजारचे आजोबा आंघोळीला नेलेले. क्षमाताईंनी थर्मास उघडला. घरचा चहा, आल्याचा, पहाटे गार्गीने आणून दिलेला, पण आधण, साखर, आलं सगळं फोनवरून क्षमाताईंनी सांगितलेलं. टिपणीस उशीला टेकून बसले होते. खरोखरच बसले होते. कप हातात घेऊन त्यांनी एक घोट घेतला आणि न बघता विचारलं, डॉक्टरांना कंदिलाचे मार्क कुणी सांगितले?

क्षमाताईंनी दोन दिवस या प्रश्नाची तयारी केली होती. सुबोध येऊन गेले, त्यांनी सांगितलं असेल, असं म्हणायचं ठरवलं होतं. पण त्या म्हणाल्या, "मी सांगितले. पुरणपोळीचेपण सांगितले. मला तुमचं बघवत नव्हतं. काय कापायचं ते कापा."

टिपणीसांनी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. चेहरा कोरा. क्षमाताईंना गार्गीची दुसरीतली वेणी आठवली, तो आठ दिवसांचा अबोला आठवला. त्यांनी मनाशी ठरवलं, हे बोलले नाहीत तरी या वेळी आपण बोलत राहायचं.

"साडेनऊ," टिपणीस म्हणाले.

क्षमाताईंना आधी वाटलं, दुखणं परत वाढलं. त्या सिस्टरला हाक मारायला उठल्या. टिपणीसांनी त्यांचं मनगट धरून खाली बसवलं आणि कपाकडे बोट दाखवलं. मग ते बोट कपावरून सरकून क्षमाताईंपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

चाळीस वर्षांचा विक्रम हॉस्पिटलच्या खाटेवर मोडला होता आणि बघायला कुणी नव्हतं. क्षमाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याही इतकी वर्षं परीक्षकाच्या घरात काढलेल्या, त्यांना अर्धा मार्क सोडवेना.

"अर्धा वशिल्याचा कापलात ना?"

"वशिल्याचे कापायचे असते तर दोन तरी गेले असते," टिपणीस म्हणाले. "अर्धा राखून ठेवलाय. उद्याचा चहा यायचाय अजून."

क्षमाताईंनी पदराने डोळे पुसले आणि थर्मासात उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला.